प्री-मेडला एका सेमिस्टरमध्ये १९ क्रेडिट्स : फायदा की नुकसान?

मेधा_क :
लेक अमेरिकेत स्टेट युनिव्हर्सिटीत सोफोमोर (दुसऱ्या वर्षाला) आहे, प्री-मेड म्हणजे मेडिकलला जायच्या तयारीत. मेजर (मुख्य विषय) बायॉलॉजी. ज्युनियर (तिसरं) वर्ष संपताच, गॅप इयर (मध्ये मोकळं वर्ष) न घेता एमडीला (तिथली डॉक्टरकीची पहिली पदवी) अर्ज करायचा असं तिचं ठरलंय. स्प्रिंगचं (जानेवारी ते मे सेमिस्टरचं) रजिस्ट्रेशन पुढच्या आठवड्यात उघडतंय आणि तिची यादी अशी आहे: ऑरगॅनिक केमिस्ट्री २ लॅबसह (४ क्रेडिट्स), फिजिक्स १ लॅबसह (४), जेनेटिक्स लॅबसह (४), स्टॅटिस्टिक्स (३), इंग्लिशचा एक लेखनप्रधान कोर्स (३) आणि प्रोफेसरांकडच्या रिसर्चचं १ क्रेडिट. एकूण १९.

फॉल (ऑगस्ट ते डिसेंबरचं सेमिस्टर) धरून तिची ४५ क्रेडिट्स होतील, जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) ३.८. त्यातली सायन्स-मॅथ्सची २४, त्यांचा जीपीए ३.७ (बायॉलॉजी १ आणि २, जनरल केमिस्ट्री १ आणि २, कॅल्क्युलस, ऑरगॅनिक १). नागरिकत्व आहे, व्हिसाचा प्रश्न नाही.

घरात दोन पक्ष पडलेत. लेक म्हणते, मेडिकल स्कूलवाले लोड बघतात, सगळ्या मैत्रिणी १८ घेतायत. अ‍ॅडव्हायजर म्हणतो १५ भरपूर झाली. मेडिकल स्कूलची प्रवेश कमिटी खरंच सेमिस्टरचं वजन बघते का? १५ वर आणलं तर अर्ज फिका पडतो का? आणि काढायचंच तर यादीतलं काय काढायचं?

रानजाई :
मेधाताई, उत्तर आधी सांगते: जेनेटिक्स काढा, १५ वर या. आता कारणं.

एमडीचा सामायिक अर्ज अ‍ॅमकॅसमधून जातो. तिथे प्रत्येक कोर्स सेमिस्टरनुसार, क्रेडिट्स आणि ग्रेडसकट स्वतः भरावा लागतो आणि मग तो ट्रान्सक्रिप्टशी (कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रकाशी) ताडून पाहिला जातो. म्हणजे लोड दिसतो, यात वाद नाही. पण या सगळ्यातून जीपीएचा जो तक्ता तयार होतो, त्यात आडव्या ओळी वर्षांच्या असतात आणि उभे रकाने तीन: बीसीपीएम, एओ आणि एकूण. बीसीपीएममध्ये बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स. एओमध्ये उरलेलं सगळं. प्रत्येक चौकटीत जीपीए आणि क्रेडिट तास, बस. जड सेमिस्टरसाठी कुठलाही गुणक नाही. १९ क्रेडिट्सच्या धबडग्यात मिळवलेला बी प्लस आणि १३ मध्ये आरामात मिळवलेला बी प्लस, दोन्हींचे ३.३च होतात.

लोडचा विचार होतो तो नंतर, जेव्हा कोणी माणूस बसून ट्रान्सक्रिप्ट वाचतो. त्याला एवढंच बघायचं असतं की ही मुलगी एका वेळी दोन अवघड सायन्स विषय बाकीच्या अभ्यासासकट पेलते का, कारण मेडिकल स्कूलच्या पहिल्या वर्षी याहून जास्त येऊन पडणार आहे. चार वर्षं दर सेमिस्टरला १२ क्रेडिट्स, त्यात एकच सायन्स आणि बाकी सोपे विषय, असं दिसलं तर शंका येते. बहुतेक सेमिस्टरना १४ ते १६ आणि त्यात लॅबचे दोन सायन्स विषय, असं दिसलं की शंका मिटते. १५ च्या जागी १८ केल्याने ती जास्त मिटत नाही.

तिच्या यादीत मला क्रेडिट्सच्या आकड्यापेक्षा तीन लॅब जास्त खटकतात. एका क्रेडिटला आठवड्याला एक तास वर्ग आणि बाहेर किमान दोन तास काम, ही फेडरल व्याख्या. त्या हिशेबाने १५ म्हणजे ४५ तास आणि १९ म्हणजे ५७. पण लॅब त्या हिशेबात बसत नाही. ऑरगॅनिकची लॅब प्रत्यक्षात तीन-चार तासांची, आधी प्रीलॅब, नंतर रिपोर्ट, आणि या सगळ्याला क्रेडिट साधारण एक. अशा तीन लॅब म्हणजे आठवड्यातल्या तीन दुपारी गेल्या, वर तीन रिपोर्ट. त्यात रिसर्चला सलग वेळ लागतो, तो उरतच नाही. बिघाड सुरू होतो तो पहिल्या मिडटर्मच्या आठवड्यात: चारही सायन्स विषयांच्या परीक्षा एकाच दहा-बारा दिवसांत येतात, त्यातली एक पडते, आणि ऑरगॅनिक २ मागच्या धड्यावर उभं असल्यामुळे पडलेली परीक्षा पुढच्या परीक्षेलाही खाली ओढते.

आता काय काढायचं. ऑरगॅनिक २ ला हात लावायचा नाही. जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, बायोकेमिस्ट्री ही साखळी आहे आणि बऱ्याच कॉलेजांत ऑरगॅनिक २ फक्त स्प्रिंगला पूर्ण ताकदीने चालतं. ते सुटलं की बायोकेमिस्ट्री पुढे जातं, बायोकेमिस्ट्री गेलं की एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) जाते, आणि गॅप इयर न घेण्याचा बेत आपोआप मोडतो. फिजिक्सही ठेवा, एमकॅटला दोन्ही भाग लागतात. स्टॅटिस्टिक्स अनेक मेडिकल स्कूल्स मागतात किंवा सुचवतात, शिवाय ते बीसीपीएमच्या मॅथ्समध्ये मोजलं जातं, अगदी सायकॉलॉजी डिपार्टमेंटने शिकवलं तरी. वर्गवारी विषयाच्या आशयावर होते, डिपार्टमेंटच्या नावावर नाही. इंग्लिश ठेवा, त्यामुळे श्वास घ्यायला जागा राहते. राहिलं जेनेटिक्स. ते मेजरला लागेल, पण सीनियरच्या (चौथ्या वर्षाच्या) फॉलपर्यंत कधीही चालेल. फक्त पुढच्या कुठल्या अपर-लेव्हल कोर्सचं ते प्रीरेक्विझिट (आधी करावाच लागणारा कोर्स) आहे का, एवढं कॅटलॉगमध्ये बघून घ्या.

एक बारीक गोष्ट: पुष्कळ युनिव्हर्सिटीत १८ च्या वर ओव्हरलोडची परवानगी लागते आणि काही ठिकाणी वरच्या क्रेडिट्सची फी वेगळी लागते. अ‍ॅडव्हायजरने आधीच १५ म्हटलंय, त्यामुळे ती परवानगी बहुधा तिथेच अडेल.

आकडेमोड :
रानजाईंनी सांगितलं त्याचा हिशेब मांडतो, म्हणजे लेकीला दाखवता येईल. रिसर्चचं क्रेडिट बऱ्याचदा पास-फेल असतं म्हणून ते बाजूला ठेवलं.

आजचे गुण: ४५ × ३.८ = १७१.

जड बेत: ग्रेडची १८ क्रेडिट्स. समजा ताणामुळे सेमिस्टर ३.३ वर आलं. १८ × ३.३ = ५९.४. बेरीज २३०.४, भागिले ६३ = ३.६६. ज्युनियरला ३० क्रेडिट्स ३.९ ने केली (ही अपेक्षा मोठीच आहे) तरी अर्जाच्या वेळी ३४७.४ भागिले ९३ = ३.७४.

हलका बेत: ग्रेडची १४, जीपीए ३.८ वर कायम. १४ × ३.८ = ५३.२, बेरीज २२४.२, भागिले ५९ = ३.८०. ज्युनियर तसंच ३.९ ने केलं तर ३४१.२ भागिले ८९ = ३.८३.

२०२३-२४ ला एमडी स्कूल्समध्ये प्रत्यक्ष प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७७ होता आणि एमकॅट ५११.७. म्हणजे एकच सेमिस्टर तिला त्या सरासरीच्या वर ठेवतं किंवा खाली नेतं.

बीसीपीएमची गोष्ट याहून वाईट, कारण छेद लहान आहे. आज २४ × ३.७ = ८८.८. स्प्रिंगला ऑरगॅनिक, फिजिक्स, जेनेटिक्स, स्टॅट्स मिळून १५ क्रेडिट्स ३.२ ने झाली तर ४८ मिळतात, आणि १३६.८ भागिले ३९ = ३.५१. पुढच्या वर्षी १६ क्रेडिट्स सायन्सची सगळी ए ग्रेडने केली तरी २००.८ भागिले ५५ = ३.६५. म्हणजे परिपूर्ण ज्युनियर वर्ष काढूनही आज आहे तिथपर्यंत पोचत नाही.

आणि १८ मध्येही ३.८ टिकवला तर? तर जीपीए ३.८च राहतो. कमाई शून्य, धोका वरच्या हिशेबाएवढा.

सीनियर वर्षाच्या ग्रेड्स या हिशेबात धरल्या नाहीत, कारण गॅप इयर नसेल तर अर्ज ज्युनियर संपताच, मेच्या अखेरीला किंवा जूनमध्ये जातो. सीनियरला सावरू हे वाक्य तिच्या बेतात लागू पडत नाही.

कडक_कॉफी :
वरच्या दोघांशी बहुतांशी सहमत, पण '१५ पुरे' हे निम्मंच उत्तर आहे. सोडलेल्या चार क्रेडिट्सचा वेळ जातो कुठे, यावर बाकीचं ठरतं.

१५ क्रेडिट्स, शून्य क्लिनिकल (रुग्णांबरोबरच्या कामाचे) तास आणि नावापुरता रिसर्च असेल, तर ते १९ च्या सेमिस्टरपेक्षा चांगलं दिसत नाही. अ‍ॅमकॅसमध्ये कामं आणि उपक्रमांच्या १५ नोंदी करता येतात, प्रत्येकीला ७०० अक्षरं, आणि त्यातल्या तीन सर्वात महत्त्वाच्या म्हणून निवडून त्यांच्यावर आणखी १३२५ अक्षरं लिहिता येतात. प्रत्येक नोंदीला तास लिहावे लागतात. शेवटच्या सहा महिन्यांत गोळा केलेले तास तारखांवरून लगेच ओळखू येतात. त्यामुळे आत्ता जेनेटिक्स सोडलं तर त्या वेळात आठवड्याला तीन-चार तासांचं हॉस्पिटल किंवा हॉस्पिसमधलं काम ठरवून टाका, आणि ते दोन वर्षं चालू ठेवा.

दुसरं, शिफारसपत्रं. बरीच स्कूल्स सायन्स शिकवणाऱ्या दोन प्राध्यापकांची आणि एका सायन्सेतर प्राध्यापकाचं पत्र मागतात. दोनशे मुलांच्या वर्गात प्राध्यापकाला तुमची लेक माहीत होते ती फक्त ऑफिस अवर्समध्ये (विद्यार्थ्यांना भेटायला राखलेल्या वेळेत). १९ क्रेडिट्सवाली मुलं ऑफिस अवर्सना जात नाहीत, त्यांची त्या वेळेला दुसरी लॅब असते. मग पत्र येतं ते असं: विद्यार्थिनी वर्गात होती, ए मिळाला. अशा पत्राने नुकसान होत नाही, उपयोगही होत नाही.

आणि एका मुद्द्यावर माझा मतभेद. ३.९५ असलेल्या, १७-१८ आरामात झेपवणाऱ्या मुलाला उगाच १४ वर आणू नये. तिथे खाली आणण्याने काही मिळत नाही. कसोटी एकच: आधी लॅबचे किती सायन्स विषय एकत्र केलेत आणि काय मिळालं? या मुलीने फ्रेशमनला (पहिल्या वर्षी) दोन केलेत (बायो आणि केमिस्ट्री), सोफोमोर फॉलला तर ऑरगॅनिक एकटंच होतं. एकावरून थेट तीनवर उडी कशाला? दोन करून बघा, ते जमलं तर ज्युनियरला तिसरा.

विदर्भ_वारा :
मेधाताईंना लागू नाही, पण इथे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी १२ चा आकडा स्पष्ट करतो, कारण लोड कमी करताना लोक इथे अडकतात.

१२ क्रेडिट्स म्हणजे पूर्णवेळ. फेडरल आर्थिक मदतीत पूर्णवेळ म्हणजे १२. त्याखाली गेलात तर मदतीची रक्कम कमी होऊ शकते. कॉलेजच्या आणि राज्याच्या स्कॉलरशिपचे नियम वेगळे असतात, काहींना सेमिस्टरला १५ किंवा वर्षाला ३० हवी असतात. डिग्री साधारण १२० क्रेडिट्सची, त्यामुळे सरासरी १५ पाहिजेच. एखादं सेमिस्टर १२-१३ चं केलं तर ती तूट समरमध्ये भरायची.

एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असाल तर १२ च्या खाली जाण्याआधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओची (परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची) परवानगी घ्यावी लागते. कोर्स आधी सोडला आणि परवानगी मागून मागितली तर स्टेटस धोक्यात येतं. एच-४ (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाचा व्हिसा) वरच्या मुलांना पूर्णवेळाचं बंधन नाही, पण वयाच्या २१ व्या वर्षी एच-४ संपतो. त्या सुमारास ही मुलं बहुधा ज्युनियर-सीनियर असतात, एफ-१ वर जातात आणि १२ चा नियम मध्येच सुरू होतो. शिवाय नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसलेल्यांचा अर्ज न घेणारी मेडिकल स्कूल्स बरीच आहेत. कुठे अर्ज करता येईल ती यादी आधी काढा, लोडचा प्रश्न त्यानंतरचा.

सावळा_गोंधळ :
क्वार्टरवाल्यांशी तुलना करू नका एवढंच सांगतो. यूसीएलए, यूसी सॅन डिएगो, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन इथे क्वार्टर पद्धत (वर्षात दोनऐवजी तीन लहान सत्रं) आहे. अ‍ॅमकॅस क्वार्टरची क्रेडिट्स दोन-तृतीयांश करून सेमिस्टरमध्ये बदलतं. तिथल्या भाच्याने १६ घेतली म्हणून आपल्या सेमिस्टरच्या १६ शी ताडायची नसतात.

मेधा_क :
सगळ्यांचे मनापासून आभार. आकडेमोड, तुमचा तक्ता लेकीला पाठवला. बीसीपीएम ३.५१ बघून गप्प झाली, मग म्हणाली, "ठीक आहे, पण मग जेनेटिक्स रजिस्टर करून ठेवते, झेपलं नाही तर डब्ल्यू (विथड्रॉवल) घेते." हे चालेल का? तिच्या डोक्यात आणखी दोन पर्याय आहेत: फिजिक्स समरला कम्युनिटी कॉलेजमधून (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजमधून) करणं, आणि एखादी ग्रेड वाईट आलीच तर तो कोर्स पुन्हा करणं. आम्ही टेक्सासचे रहिवासी आहोत, त्याने काही फरक पडतो का?

रानजाई :
डब्ल्यूबद्दल. सेमिस्टरच्या सुरुवातीला अ‍ॅड-ड्रॉपची मुदत असते, त्यात कोर्स सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर काहीच उमटत नाही. त्यानंतर सोडला तर डब्ल्यू. डब्ल्यू जीपीएमध्ये मोजला जात नाही, पण दिसतो, आणि अ‍ॅमकॅसमध्ये तो भरावा लागतो. चार वर्षांत एखादा डब्ल्यू कोणी विचारतही नाही. तीन-चार झाले, त्यातही सायन्समध्येच, तर कमिटीला त्यातून एक सवय दिसू लागते: जास्त घेते आणि सोडते.

म्हणून रजिस्टर करून बघू हा बेत वाईट नाही, पण निर्णय अ‍ॅड-ड्रॉपच्या मुदतीतच व्हायला हवा. अडचण अशी की त्या आठवडा-दोन आठवड्यांत परीक्षा झालेली नसते, लॅब नुकत्याच सुरू झालेल्या असतात, आणि सगळ्यांनाच सगळं झेपतंय असं वाटतं. मग ग्रेड घसरल्याचं कळेपर्यंत फक्त डब्ल्यू हातात राहतो. काही कॉलेजांत उशिरा सोडलं तर डब्ल्यूएफ (विथड्रॉवल-फेल) लागतो, आणि तो एफसारखा मोजला जाऊ शकतो. कॅटलॉगमध्ये त्या तारखा आधी शोधा.

पुन्हा करण्याबद्दल: कॉलेज स्वतःच्या जीपीएत जुनी ग्रेड बदलून देत असेल, पण अ‍ॅमकॅस दोन्ही धरतं. ऑरगॅनिकला आधी सी, मग ए, तर तिथे दोन्हींची सरासरी ३.० बसते. डीओ (ऑस्टिओपॅथीची, एमडीसारखीच डॉक्टरकीची पदवी) स्कूल्सची अर्जव्यवस्था अकोमास. ते पूर्वी फक्त नवी ग्रेड धरायचं, २०१७ पासून तेही दोन्ही धरतं. जुन्या ब्लॉगवर अजून जुनाच नियम लिहिलेला सापडतो, त्यावर जाऊ नका. सी मायनस किंवा त्याखाली असेल तर पुन्हा करणं भाग आहे, कारण बऱ्याच स्कूल्सना प्रीरेक्विझिटमध्ये किमान सी लागतो. बी मायनस असेल तर पुन्हा करू नका, तोच वेळ बायोकेमिस्ट्रीला द्या आणि तिथे ए आणा. वरच्या पातळीच्या विषयातला ए जास्त सांगून जातो.

पास-फेलचा आडमार्गही नको. जीपीएत तो मोजला जात नाही, पण पुष्कळ स्कूल्स प्रीरेक्विझिट लेटर ग्रेडनेच मागतात.

नीलमोहर :
समर आणि कम्युनिटी कॉलेजबद्दल. बहुतेक मेडिकल स्कूल्स कम्युनिटी कॉलेजचे कोर्स घेतात, पण काहींना प्रीरेक्विझिट चार वर्षांच्या कॉलेजातून झालेले जास्त आवडतात. अर्ज करायच्या स्कूल्सची यादी बनवून प्रत्येकाचं पान तपासा. एक फिजिक्स तिथून केल्याने बिघडत नाही. सगळ्या अवघड गोष्टी बाहेरून आणि सोप्या स्वतःच्या कॉलेजातून असं चित्र दिसलं, तर मात्र प्रश्न येतो.

समरचा वेग नीट समजून घ्या. पंधरा आठवड्यांचा कोर्स पाच-सहा आठवड्यांत बसवला की दर आठवड्याला तीन आठवड्यांचं शिकवणं येतं. फिजिक्स १ अशा वेगात, एकट्याने, नोकरी न करता जमतं. ऑरगॅनिक अशा वेगात करू नये, कारण त्याला मुरायला वेळ लागतो. आणि समरला एमकॅटची तयारी करणार असाल तर त्याच समरमध्ये फिजिक्स नको.

एक कागदाची गोष्ट, जी लोक विसरतात. ज्या ज्या कॉलेजात एकही कोर्स केला, अगदी हायस्कूलमधलं ड्युअल एनरोलमेंट (शाळेत असतानाच केलेले कॉलेजचे कोर्स) धरून, त्या प्रत्येकाचं ट्रान्सक्रिप्ट अ‍ॅमकॅसला लागतं. तिथल्या क्रेडिट्स तुमच्या युनिव्हर्सिटीने ट्रान्सफर करून घेतल्या असल्या तरीही. एक ट्रान्सक्रिप्ट उशिरा पोचलं की व्हेरिफिकेशन अडतं, आणि ऐन गर्दीत व्हेरिफिकेशनला तसेही काही आठवडे लागतात.

एपीचंही (हायस्कूलमध्ये केलेल्या कॉलेज पातळीच्या कोर्सचंही) तसंच. बायॉलॉजीचं एपी क्रेडिट घेऊन बायॉलॉजी १ सोडलं असेल तर काही स्कूल्स ते मानत नाहीत. त्या जागी अपर-लेव्हल बायॉलॉजी लॅबसह करावं लागतं. मेधाताईंच्या लेकीने बायॉलॉजी कॉलेजात केलंय, त्यामुळे ती चिंता नाही.

ह्यूस्टनकर :
टेक्सासने फरक पडतो, आणि बराच.

टेक्सासची सार्वजनिक मेडिकल स्कूल्स अ‍ॅमकॅस नाही, टीएमडीएसएएस ही राज्याची अर्जव्यवस्था वापरतात. तिथला जीपीए वेगळ्या पद्धतीने निघतो: प्लस-मायनस धरत नाहीत. ए मायनसचे पूर्ण ४.० आणि बी प्लसचे ३.०. म्हणजे तुमच्या मुलीचे ए मायनस तिथे फायद्याचे, पण बी प्लस तोट्याचे, आणि जड सेमिस्टरमध्ये जास्त येतात ते बी प्लसच. आकडेमोड यांचा ३.३ चा अंदाज टीएमडीएसएएसमध्ये सगळ्या बी प्लसने आला असेल तर ३.० होतो. अ‍ॅमकॅसमध्ये ए मायनसला ३.७, ए प्लसला ४.० (४.३ नव्हे).

या स्कूल्समध्ये साधारण ९० टक्के जागा टेक्सासच्या रहिवाशांना असतात, त्यामुळे तुमच्यासाठी टीएमडीएसएएसच मुख्य अर्ज. अ‍ॅमकॅस बाहेरच्या स्कूल्ससाठी करा.

आणि डब्ल्यूवर टेक्सासचा स्वतःचा कायदा आहे. २००७ च्या फॉलपासून सुरुवात केलेल्या विद्यार्थ्याला राज्याच्या सार्वजनिक कॉलेजांत पदवीपूर्व काळात एकूण सहाच कोर्स सोडता येतात. सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजमधलेही त्यातच मोजतात. अ‍ॅड-ड्रॉपच्या मुदतीत सोडलेले मोजत नाहीत. "झेपलं नाही तर सोडू" याला तिथे मर्यादा आहे, हे लेकीला सांगा.

कडक_कॉफी :
अजून एक सेमिस्टर आहे ज्याचा विचार आत्ताच करायला हवा: ज्युनियरची स्प्रिंग.

गॅप इयर नको म्हणजे एमकॅट ज्युनियरच्या जानेवारी ते एप्रिलमध्ये. निकाल यायला महिनाभर लागतो, म्हणून मेच्या अखेरीला अर्ज सबमिट करताना गुण हातात हवे असतील तर एप्रिलच्या पुढे जाऊ नये. तयारीला सर्वसाधारणपणे ३०० तास धरतात. चौदा आठवड्यांत पसरले तर आठवड्याला एकवीस तास. वर रानजाईंनी दिलेल्या एका क्रेडिटला तीन तासांच्या हिशेबाने हे सात क्रेडिट्सचं काम झालं, जे ट्रान्सक्रिप्टवर दिसत नाही.

म्हणून त्या सेमिस्टरला १२-१३ घ्या, लॅबचा सायन्स विषय फार तर एक. परीक्षा साडेसात तासांची बैठक आहे, चार विभाग, गुण ४७२ ते ५२८. शेवटचे सहा आठवडे पूर्ण लांबीच्या सराव परीक्षांना जातात आणि एक सराव परीक्षा म्हणजे एक अख्खा शनिवार, शिवाय चुका तपासायला रविवार.

त्यावरून मागे मोजा. ज्युनियर फॉलला बायोकेमिस्ट्री आणि फिजिक्स २ झालेच पाहिजेत. सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचा विभागही एमकॅटला आहे, तेव्हा सोशिऑलॉजी तिथेच बसवा. जेनेटिक्स ज्युनियर फॉलला टाकलं तर पुन्हा तीन लॅब होतात. त्यामुळे रानजाईंनी म्हटल्याप्रमाणे ते सीनियर फॉलला. एमकॅटपुरतं जेनेटिक्स बायॉलॉजी १-२ आणि तयारीच्या पुस्तकांतून होतं.

तात्या_नव्हे :
कोणी म्हणेल मेजर बदलून हलकं करा, किंवा उलट, डबल मेजर करून जड करा. डबल मेजरला कमिटीकडून वेगळे गुण नाहीत. आवड असेल तर करा, प्रवेशासाठी म्हणून करू नका.

तीन वर्षांत डिग्री उरकायचा मोहही एपीचे ३० क्रेडिट्स घेऊन आलेल्या घरांत दिसतो. त्यात एक समर जातो, पत्र लिहिणारे प्राध्यापक कमी होतात आणि क्लिनिकल तासांना वेळ उरत नाही. वर्षाची फी वाचते हे खरं. पण अर्ज फसून दुसऱ्या वर्षी पुन्हा करावा लागला, तर ती बचत त्याच वर्षी खर्ची पडते.

मेपल_सिरप :
कॅनडातल्या पालकांसाठी दोन ओळी, कारण तिथे उत्तर उलटं येऊ शकतं. ओंटारियोचा अर्ज ओमसासमधून जातो आणि त्यांची स्वतःची रूपांतर सारणी आहे (९० व त्यावर ४.०, ८५ ते ८९ ला ३.९, ८० ते ८४ ला ३.७). काही स्कूल्सच्या जीपीए नियमांतच पूर्णवेळ वर्षाची अट असते: वर्षभरात पूर्ण कोर्स लोड घेतला असेल तरच ते वर्ष धरायचं, किंवा सर्वात कमी ग्रेड वगळायची सवलत द्यायची. म्हणजे अमेरिकेत निरुपद्रवी ठरणारं चार कोर्सचं सेमिस्टर तिथे अख्खं वर्ष हिशेबातून बाद करू शकतं, आणि समरला केलेला पाचवा कोर्स ती भरपाई करेलच असं नाही. दोन्ही देशांत अर्ज करणार असाल तर ज्या स्कूलला अर्ज करायचा त्याचा त्या वर्षीचा नियम वाचून मगच कोर्स सोडा.

मेधा_क :
सगळ्यांचं वाचून आज बसून ठरवलं. ऑरगॅनिक २, फिजिक्स १, स्टॅट्स, इंग्लिश आणि रिसर्च, १५ क्रेडिट्स. जेनेटिक्स सीनियर फॉलला, कॅटलॉग बघितला, तिला हव्या असलेल्या दोनपैकी एकाच अपर-लेव्हल कोर्सला ते लागतं आणि तोही सीनियर स्प्रिंगला घेता येतो. समर कोर्स रद्द. शनिवारी सकाळी चार तास हॉस्पिटलला जाणार आहे.

रानजाई :
छान. रजिस्ट्रेशन उघडलं की लेक्चरच्या आधी ऑरगॅनिकच्या लॅबचा सेक्शन पकडा. लॅबच्या जागा आधी भरतात, आणि फिजिक्सची लॅब त्याच दिवशी येऊ देऊ नका. दोन्ही वेगळ्या दिवशी मिळत नसतील तर वेटलिस्टवर नाव टाका, पहिल्या आठवड्यात पुष्कळ जागा सुटतात.